गोळी तेव्हाही मिळत होती

ताई बाळंतपणाला रत्नागिरीला आली ते १९९८ साल. घरात तेव्हा आई आणि मी दोघीच. वडील त्याआधीच गेले होते. हातखंब्याच्या पुढच्या एका गावात मी शाळेत शिकवायचे आणि रोज एसटीने जाऊन-येऊन करायचे. ताई माझ्याहून थोडीच मोठी. लग्न होऊन ती मुंबईला गेली तेव्हापासून मला बोलायला कुणी उरलं नव्हतं. आई होती, पण आईशी बोलणं वेगळं आणि ताईशी वेगळं. शाळेत घडलेलं आईला सांगितलं की ती विचारायची, मग डबा खाल्लास का. ताई विचारायची, मग तो काय म्हणाला.

ती आली आणि घराला आवाज आला. संध्याकाळी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून ती बसायची आणि दगडी गडग्यापलीकडून जाणाऱ्या प्रत्येकाशी बोलायची. इतकी जड झाली होती, तरी पाय हलवत बसायची सवय गेली नव्हती. मुलगी झाली, बारसं झालं. भावोजी मुंबईहून बारशाला आले, दोन दिवस राहिले, मुलीला कसं धरायचं ते नीट न कळताच परत गेले. मग दुपारी जेवणाच्या सुट्टीत कचेरीतून फोन करायला लागले. फोन आमच्याकडे नुकताच आला होता. माजघरातल्या कोनाड्यात ठेवलेला. त्याची घंटा एवढी मोठी होती की शेजारच्या घरातून कुणी तरी हाक मारून सांगायचं, तुमचा फोन वाजतोय.

त्या दिवशी मी रजेवर होते. दुपारची जेवणं झाली होती. आई मागच्या दारी भांडी विसळत होती. ताई बाळाला कुशीत घेऊन आतल्या खोलीत झोपली होती आणि मी तिच्या पायथ्याशी बसून बाळाची दुपटी घडी करत होते. फोन वाजला. ताई एकदम उठून बसली. "घे गं," म्हणाली आणि पुन्हा उशीवर पडली. मी उठून फोन घेतला. भावोजी होते. मी म्हटलं, ती आत्ताच झोपली आहे, उठवू का? ते म्हणाले, नको, झोपू दे, रात्री बाळ जागवत असेल. बाळाचं वजन, मुंबईतला उकाडा, पुढच्या शनिवारी यायला जमतं का, असं थोडं बोलून आम्ही फोन ठेवला. मी खोलीत गेले तेव्हा बाळ जागं होऊन हातपाय हलवत होतं आणि ताई तशीच पडलेली होती. तिचा हात उचलला तेव्हा कळलं.

गावातले डॉक्टर लगेच आले. हृदय थांबलं, एवढंच त्यांना सांगता आलं. बाळंतिणीच्या रक्तात कधी कधी गाठ होते, तसं झालं असेल, असं ते म्हणाले. ते बोलताना आईकडे बघत नव्हते. त्यांच्या हातात काही नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

सुतकात केळशीहून मामा आला. त्याच्यासमोर आई पहिल्यांदा बोलली. आईच्या पाठची बहीण, माझी मावशी, लग्नाच्या वयाची असताना गेली, हे आम्हाला माहीत होतं. कशी गेली ते कुणी कधी सांगितलं नव्हतं. आळीत लग्न होतं, वरात दारात आली, मावशीच्या पाठीमागे कुणी तरी फटाक्यांची माळ लावली. ती दचकली, खाली बसली आणि उठलीच नाही. घराण्याला बाधा आहे असं तेव्हा सगळ्यांनी ठरवलं. गुरवाने देवीला कौल लावला, राहिलेलं एक देणं द्यायला सांगितलं, ते आजोबांनी दिलं. आई मामाला विचारत होती, दिलं होतं ना रे आपण? मग माझ्या मुलीला का?

मामा भिंतीला टेकून बसून राहिला.

बाळ आमच्याकडेच राहिलं. मुंबईत एका खोलीत भावोजी एकटे, त्यांनी तान्ही मुलगी कशी सांभाळायची? आई पुन्हा रात्रीची उठू लागली, दूध गरम करू लागली. पण ती बदलली होती. फोनवर तिने गोधडी टाकली आणि काही दिवसांनी तो काढूनच न्यायला लावला. देवघरातली घंटा काढून ठेवली. कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बंद करायची. दोघी आवाजाने गेल्या, असं ती म्हणायची. मला वाटायचं, दुःखाने माणूस काहीतरी धरून बसतं, तसं तिने हे धरलं आहे.

आणि मी काय धरून बसले होते? एसटीतून उतरून घराकडे चालताना मी दिवसभरातलं ताईला सांगायचं मनात जुळवायचे. तसं ती मुंबईला असतानाही करायचे, पत्रात लिहायला म्हणून. आता फाटक आलं की थांबावं लागायचं. पुढे सांगायला कुणी नव्हतं.

दोनेक वर्षं अशी गेली. मग एका सकाळी हातखंब्याच्या तिठ्यावर शाळेच्या गावाला जाणाऱ्या एसटीची वाट बघत उभी असताना एका ट्रकने अगदी कानाशी हॉर्न दिला. मला एवढंच आठवतं. डोळे उघडले तेव्हा मी चहाच्या टपरीतल्या बाकड्यावर होते आणि टपरीवाली बाई पदराने वारा घालत होती. मी उपाशी आले असेन म्हणून तिने साखरेचं पाणी करून ठेवलं होतं. संध्याकाळी हे घरी सांगितलं तेव्हा आईचा चेहरा असा झाला की सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं वाटलं. दुसऱ्या दिवशी तीच मला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. ताईला बघायला आले होते तेच डॉक्टर. त्यांनी माझा कार्डिओग्राम काढला, ती कागदाची पट्टी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "तुम्ही मुंबईला जा. हे मला पुरतं कळत नाहीय, पण हे बरोबर नाही."

मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या डॉक्टरीण बाई होत्या. वयाने आईपेक्षा थोड्या लहान, बारीक आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी पट्टीवर पट्टी ठेवून मापं घेतली. मग पेन खाली ठेवून विचारलं, "घरात कुणी तरुण वयात अचानक गेलंय? दचकून?"

मी अजून कुणाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. आईने माझा हात घट्ट धरला. मी ताईचं सांगितलं, आईने मावशीचं. सगळं ऐकून झाल्यावर बाईंनी आम्हाला समजेल असं सांगितलं. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला क्षणभर लागतो. काही माणसांच्या हृदयाला तो क्षण जरा जास्त लागतो, जन्मापासूनच. एरवी काही जाणवत नाही. पण नेमकं त्यात दचकलं तर ठोक्यांची लय फिसकटते. काहींना घंटेने, फोनने, गजराने. बाळंतपणानंतरचे महिने अशा बाईला सगळ्यांत धोक्याचे. आणि हे घराण्यातून येतं.

आई म्हणाली, "म्हणजे बाधाच."

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बाधा म्हणा. पण हिच्यावर औषध आहे."

त्यांनी एक गोळी लिहून दिली. रक्तदाबाची म्हणून पुष्कळ लोक घेतात तीच. रोज घ्यायची, कधी चुकवायची नाही. रत्नागिरीला उतरल्यावर स्टँडजवळच्या मेडिकलमध्ये मी चिठ्ठी दिली. दुकानदार दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. बोलता बोलताच त्याने हात मागे केला आणि न बघता फळीवरून पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. मी विचारलं, ही नवीन निघाली आहे का? तो म्हणाला, "नाही हो, जुनीच आहे. मी दुकान घातलं तेव्हापासून ठेवतो."

त्या दुकानावरून ताई किती वेळा गेली होती. बाळंतपणाआधी दवाखान्यात जाताना आम्ही दोघी त्याच कोपऱ्यावर रिक्षा थांबवायचो. मी पाकीट मुठीत धरून घरापर्यंत चालत गेले. रिक्षा करायचं सुचलं नाही.

माझं निदान झालं, पण पुढच्या खेपेला मुंबईत काढलेला आईचा कार्डिओग्राम असा आला की बाईंना ठाम काही सांगता येईना. बाळाचाही तसाच. पट्टीवर दिसत नाही म्हणजे नाहीच असं नसतं, त्या म्हणाल्या. नक्की कळायचं तर रक्तातली जनुकं वाचायला हवीत, आणि ती तपासणी तेव्हा आपल्याकडे होत नव्हती. हॉलंडमधल्या एका प्रयोगशाळेबरोबर त्या काम करत होत्या. अशी घराणी जगभर कुठे कुठे विखुरलेली होती. एका देशातल्या डॉक्टरांपुढे दोन येणार, दुसऱ्याकडे एक. तेवढ्यावरून कुणालाच काही कळलं नसतं. म्हणून सगळ्यांनी आपापल्याकडचं रक्त आणि माहिती एकत्र करायची ठरवलं होतं. आमच्या घराण्याचंही द्याल का, असं त्यांनी विचारलं. जितकी जास्त माणसं रक्त देतील तितकं उत्तर पक्कं.

केळशीला मामाच्या घरी नातेवाईक जमवायचं ठरलं. बाई मुंबईहून आल्या आणि त्यांच्याबरोबर हॉलंडची एक डॉक्टर आली. उंच, उन्हाने नाक लाल झालेली, कपाळावरचे केस सारखे मागे करणारी. तिला बघायला आळीतली माणसं आगराच्या बेड्याच्या आडव्या बांबूंना टेकून उभी राहिली. ओटीवर सतरंज्या घातल्या होत्या. पण मामा अडून बसला. आपलं रक्त परदेशात जाऊन तिथे त्याचं काय होणार, हा त्याचा प्रश्न होता, आणि तो काही वेड्यासारखा नव्हता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं. कशासाठी वापरणार, कशासाठी नाही, नावं कुठे लागणार नाहीत, ज्याला नको त्याने देऊ नये, उद्या मन बदललं तरी सांगावं. त्याच्या एका चुलतभावाने नको म्हटलं आणि तो उठून गेला. त्याला कुणी अडवलं नाही. मामा म्हणाला, मला पटतंय, पण आधी देवीला विचारतो.

मला लाज वाटली. बाई मात्र म्हणाल्या, विचारा की. आम्ही सगळे देवळात गेलो. हॉलंडच्या डॉक्टरने पायरीशी बूट काढले आणि खांबाशी बसून राहिली. गुरवाने कौल लावला. देवीच्या अंगावर लावलेली पाकळी चिकटून राहिली, खूप वेळ पडेना. शेवटी उजवी पडली, म्हणजे देवीचा होकार. मामा वळला आणि बाईंसमोर शर्टाची बाही वर करत म्हणाला, "घ्या." त्या म्हणाल्या, अहो, इथे नको, घरी चला.

रक्त घेऊन झाल्यावर ती डॉक्टर आईशेजारी बसली आणि घराण्याची माहिती विचारू लागली. बाई मराठी करून सांगत होत्या. मावशीचं वय, ती कशी पडली, आधी कधी चक्कर यायची का. मग तिने विचारलं, स्वभावाने कशी होती? आई सांगू लागली. मावशीला समुद्रावर जायचा नाद होता, ती सुरंगीचे गजरे करायची आणि विसरून तसेच ठेवायची, तिला साडी नीट नेसता यायची नाही. मी हे काहीच कधी ऐकलं नव्हतं. मावशीवरून आई ताईवर आली आणि मग थांबेना. बाईंनी हळूहळू भाषांतर करणं सोडून दिलं. हॉलंडची डॉक्टर कळत नसूनही ऐकत राहिली.

नंतर आईने तिला विचारलं, "तुला हे सगळं कळलं कुठून? तुमच्याकडे असं कुणी गेलं?"

डॉक्टरने सांगितलं की तिकडच्या एका खेड्यात एक मुलगी सकाळी गजर झाला आणि तशीच गेली. तिच्या आईवडिलांनी आपलं, नातेवाइकांचं, सगळ्यांचं रक्त दिलं. अशा काही घरांमुळे मुळात कुठे शोधायचं ते समजलं.

"तिची आई आहे?"

"आहे."

आई उठून आत गेली. मामीच्या फडताळातली आंबापोळी तिने न विचारताच काढली, केळीच्या पानात आणि वर वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. "तिला दे. तिचं नाव मला सांगू नको, माझं तिला सांगू नको. नुसतं दे."

उत्तर यायला खूप वेळ लागला. वर्ष उलटून गेलं. मधल्या काळात खबरदारी म्हणून आई आणि बाळ दोघींनाही बाईंनी गोळी सुरू केली होती. बाळाची गोळी मधात खलून द्यायची आणि ती तोंड घट्ट मिटायची. भावोजी सुट्टी मिळाली की रेल्वेने येत. ताई गेल्यापासून त्यांनी कुणालाही फोन केला नव्हता. कचेरीत फोन वाजला तर शेजारच्याला घ्यायला सांगतात, हे त्यांच्या एका सहकाऱ्याकडून मला कळलं होतं. निकाल आला तेव्हा तेही आमच्याबरोबर मुंबईच्या रुग्णालयात आले.

बाईंनी सांगितलं, सापडलं. जनुकातलं एकच अक्षर बदललेलं आहे. नेमका हा बदल याआधी कुठल्या घराण्यात दिसला नव्हता, म्हणून तो खरंच घातक आहे का हे आणखी एका देशातल्या प्रयोगशाळेने पेशींवर करून पाहिलं आणि मगच कळवलं. आईत आहे, माझ्यात आहे, ताईच्या मुलीत आहे. मामात नाही, म्हणून त्याच्या मुलांत नाही. राजापूरला दिलेल्या आईच्या मावसबहिणीच्या घरात आहे. आई म्हणाली, "माझ्याकडून गेलं माझ्या मुलीला." बाई म्हणाल्या, "तुम्हालाही कुणाकडून तरीच आलं." आईने मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

भावोजी म्हणाले, "मी त्या दिवशी फोन केला नसता तर?"

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "तर दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी वाजलं असतं. दार, भांडं, काहीही. तुम्ही फक्त बायकोची चौकशी केलीत."

भावोजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. आम्ही थांबलो. जाताना बाईंना आठवलं, म्हणाल्या, तुमचा खाऊ पोचला बरं का. त्या मुलीच्या आईने रोज थोडा थोडा कापून हिवाळाभर पुरवला म्हणे. आई एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, मग थोडा आणखी द्यायला हवा होता.

भाची मोठी झाली. दंगेखोर झाली. तिच्या शाळेत मी स्वतः जाऊन सगळं समजावून आले. घंटेपासून लांबचा वर्ग द्या, शर्यतीत पळवू नका, कुठलंही औषध परस्पर देऊ नका. दिवाळीत ती फटाक्यांसाठी रडायची, तेव्हा भावोजी तिला भाट्याच्या समुद्रावर घेऊन जायचे. लोक म्हणायचे, आईवर गेली आहे. मी किती बघितलं, नाही गेलेली. नाक, कपाळ, चालणं, सगळं भावोजींचं. ताईसारखं हसेल म्हणून मी वाट बघायचे, तिचं हसणंही वेगळंच निघालं. ताईकडून तिच्यात नक्की आलं आहे असं मला जे माहीत आहे ते एकच, ते अक्षर. कधी कधी ती झोपलेली असताना हे मनात येतं आणि त्या अक्षरावर राग धरावा की नाही ते मला ठरवता येत नाही. ते माझ्यातही आहे. आम्हा दोघी बहिणींचं मिळून राहिलेलं तेवढंच.

पुढे काही वर्षांनी राजापूरच्या त्या मावसबहिणीची मुलगी बाळंत झाली. तिच्यातही हे निघालं होतं. लग्नाआधीपासून ती गोळी घेत होती आणि तिचं सगळं बाळंतपण मुंबईच्या बाईंच्या सल्ल्याने झालं होतं. महिना उलटल्यावर आई म्हणाली, बाळंतिणीला बघून येऊ. एसटीने गेलो. जेवणं झाली. बाळंतीण म्हणाली, थोडी पडते हं मावशी, आणि बाळाला घेऊन आत गेली. बाकीच्या बायका ओटीवर बसल्या. आई दिसेना म्हणून मी आत डोकावले. ती खोलीच्या दाराशी जमिनीवर बसली होती, पाठ चौकटीला टेकून, तोंड खाटेकडे. मी हळूच म्हटलं, आई, बाहेर चल, तिला झोपू दे. तिने हातानेच मला थांबवलं.

मीही तिच्याशेजारी बसले. उन्हं पार खळ्याच्या कडेला गेली. आमची गाडी निघून गेली असणार. बाहेर कुणाच्या हातून तांब्या पडला, घरभर ठणठणला. खाटेवरची मुलगी दचकून उठून बसली. आईची बोटं माझ्या मनगटात रुतली. मुलीने डोळे चोळले, बाळाच्या अंगावरचं दुपटं सारखं केलं, आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही अजून इथेच? चहा झाला का?"

"करते," आई म्हणाली. पण तिला लगेच उठता आलं नाही.

परतीच्या एसटीत आम्हाला मागची जागा मिळाली. मला वाटलं, आईला झोप लागली. मग खिडकीबाहेर बघतच ती म्हणाली, "एवढंच हवं होतं गं मला. त्या दिवशी उठून चहा मागायला हवा होता तिने."

मी तिचा हात हातात घेतला. हातखंबा येईपर्यंत तसाच धरून बसले.